थायलंड २, आपण ०. थायलंड १०, आपण ०. थायलंड १, आपण २.

निळी जर्सी | ६ जुलै २०२५, सकाळी ७:१५

काल आमच्याकडे साबुदाणा भिजवायचा राहिला. मी आणि लेक ओट्याशी उभ्या राहून मोबाइलवर थायलंडमधल्या चिआंग माईच्या मॅचचा स्कोअर बघत होतो. आज एकादशी आहे हे साडेदहाला सासूबाईंनी आठवण करून दिल्यावर लक्षात आलं. तर आज भगर.

मॅच भारत वि. थायलंड, महिला फुटबॉल, आशिया कपची पात्रता फेरी. दोन्ही संघ तीन-तीन मॅच जिंकून आलेले. आपण मंगोलियाला १३, तिमोर-लेस्टेला ४ आणि इराकला ५ असे २२ गोल घातले, एकही खाल्ला नाही. थायलंडचंही तंतोतंत तेच, २२ आणि शून्य. गटातून एकच संघ पुढे जाणार. पहिल्या हाफमध्ये संगीता बासफोरने गोल केला, दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच त्यांनी बरोबरी साधली, आणि ७४व्या मिनिटाला पुन्हा संगीता. उरलेली पंधरा-वीस मिनिटं लेक स्क्रीनवर अंगठा घासत होती. मी कढईत काय आहे ते विसरले होते.

थायलंडशी आपला हिशेब जुना आहे. १९८३ साली याच आशिया कपच्या फायनलमध्ये (हो, फायनलमध्ये आपणच होतो!) त्यांनी आपल्याला त्यांच्या घरी २-० हरवलं. २०१४ च्या इंचॉन एशियाडला त्यांनीच १०-० धुतलं. मधल्या काळात त्यांचं काय झालं आणि आपलं काय झालं, ते त्या दोन आकड्यांत आलं. ते २०१५ आणि २०१९ चे वर्ल्ड कप खेळून आले. २०२३ ला हांगझोउमध्ये आपण १-० ने हरलो. आणि काल जिंकलो, त्यांच्याविरुद्ध पहिल्यांदाच. पुढच्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आशिया कप आहे. पात्रता फेरीतून तिथे जाण्याची ही आपली पहिलीच वेळ.

आज सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर विठोबा. त्याबद्दल काहीच तक्रार नाही, आज त्याचाच दिवस आहे. पण खेळाच्या पानावरही शोधावं लागलं. म्हणून धागा काढला. या संघाबद्दल ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

---

शंकेखोर | सकाळी ८:०२

अभिनंदन. पण १९८३ च्या फायनलचं कौतुक जरा बेताने करू या. तेव्हा आशियात बायकांचं फुटबॉल खेळणारे देश होते किती? चीन १९८६ ला पहिल्यांदा या स्पर्धेत उतरला आणि त्यानंतर १९९९ पर्यंत दुसऱ्या कुणाला कप मिळालाच नाही. आपण उपविजेते होतो ते बडी मंडळी यायच्या आधी. वासरात लंगडी गाय.

---

निळी जर्सी | सकाळी ८:२०

@शंकेखोर, मुद्दा मान्य, पण अर्धाच. वासरांत आपण शहाणी गाय होतो ना? मग बाकीची वासरं मोठी होत असताना गाय गोठ्यात का बांधून ठेवली, हा माझा प्रश्न आहे.

---

गोलपोस्ट काका | सकाळी ९:१०

भगर खाऊन लिहायला बसलोय, लांबेल.

आपल्याकडे बायकांच्या फुटबॉलची वेगळी संघटना होती. १९७५ साली स्थापन झालेली, विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया. पुरुषांच्या फेडरेशनचा तिच्याशी संबंध नव्हता. हे फक्त आपल्याकडेच नव्हे बरं का. इंग्लंडने १९२१ मध्ये क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली आणि ती उठवायला १९७१ उजाडलं. त्यामुळे आशियातही बायकांच्या स्पर्धा आधी एक वेगळीच संघटना भरवायची. सगळा मामला स्वतःच्या खिशातून आणि ओळखीपाळखीतून चालायचा.

सुरुवातीचे प्रशिक्षक बंगालचे सुशील भट्टाचार्य. खेळाडू मुख्यतः बंगालच्या, काही गोव्याच्या वगैरे. १९८० च्या जानेवारीत आशिया कपची स्पर्धा केरळात कालिकतला झाली. यजमान म्हणून आपण एक नाही, दोन संघ उतरवले. ऑस्ट्रेलियाकडून आलेला संघ म्हणजे नुसतं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया. असा सगळा घरगुती कारभार. पण फायनलला आपला एक संघ पोचला आणि चायनीज तैपेईकडून (म्हणजे तैवानकडून) २-० हरला. तैपेई तेव्हा आशियाचे दादा. १९७७, १९८० आणि १९८१ अशा ओळीने तिन्ही स्पर्धा त्यांनी जिंकल्या. त्यांच्याकडून फायनलमध्ये दोन गोलने हरणं ही काही लाज वाटायची गोष्ट नव्हे. पुढच्या वर्षी हाँगकाँगला आपण तिसरे आलो, ८३ ला पुन्हा दुसरे. त्याच वर्षी शांती मल्लिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला पहिला.

१९८३ हेच भारतीय क्रिकेटचंही वर्ष. त्यामुळे बाकी सगळं कपिल देवच्या त्या झेलाखाली गाडलं गेलं.

---

भातुकली | सकाळी ९:३१

काका, झेल कपिलने घेतला पण गाडलं आपण सगळ्यांनी मिळून. :)
वाचतेय. येऊ द्या अजून.

---

शंकेखोर | सकाळी ९:४०

दोन संघ उतरवले हे माहीत नव्हतं. त्यातला एक तरी फायनलला जाणारच होता की मग!

---

गोलपोस्ट काका | सकाळी ९:४४

शंकेखोर, तुम्ही बहुधा शनिवार पेठेतले. असो.

---

मालतीमावशी | सकाळी ११:२५

माझं नाव या विषयावर कुठे निघेल असं वाटलं नव्हतं म्हणून इतकी वर्षं गप्प होते. आज लिहिते.

मी ८१-८२ च्या सुमाराला पुण्यात कॉलेजात होते आणि फुटबॉल खेळले आहे. 'खेळले आहे' म्हणजे असं, की आमच्यातल्या निम्म्या मुली हॉकीच्या होत्या, चौघी-पाच जणी खो-खोच्या, आणि मी ॲथलेटिक्सची. जिल्ह्याचा संघ पाठवायचा आहे, अकरा डोकी लागतात, असा निरोप आला आणि आमच्या पी.टी.च्या सरांनी आम्हाला गोळा केलं. ऑफसाइड म्हणजे काय ते मला पहिल्या मॅचच्या हाफटाइमला कळलं. तोपर्यंत मी तीन वेळा ऑफसाइड झाले होते आणि प्रत्येक वेळी रेफ्रीकडे रागाने बघितलं होतं.

बूट हॉकीचे. त्याला पुढून टो कडक नसतो, त्यामुळे चेंडू मारला की अंगठ्याचं नख काळं पडायचं. पावसाळ्यात चामड्याचा चेंडू पाणी पिऊन असा जड व्हायचा की हेडर मारायला सांगितलं की आम्ही एकमेकींकडे बघायचो. आईने वडिलांना सांगितलं होतं की मुलगी थ्रोबॉल खेळते. वडिलांना सगळं ठाऊक होतं हे मला खूप नंतर समजलं. त्यांनी एकदा न बोलता माझ्या पिशवीत आयोडेक्सची नवी बाटली ठेवली होती.

मैदानाचं म्हणाल तर कॉलेजचं मैदान मुलांच्या क्रिकेटसाठी राखीव. आम्हाला सकाळी साडेसहा ते साडेसात, आणि खेळपट्टीच्या चौकोनात पाय ठेवायचा नाही. आता फुटबॉलच्या मैदानाच्या बरोब्बर मध्यभागी दोरी बांधलेला चौकोन! आम्ही त्याला 'गाभारा' म्हणायचो. सेंटर हाफने बॉल गाभाऱ्यात मारला की सरांच्या शिव्या. म्हणून आमचा संघ दोन्ही बाजूंनी छान खेळायचा, मधून कधीच नाही.

शांती मल्लिकच्या अर्जुन पुरस्काराची बातमी मी कापून ठेवली होती. दोन बोटं उंचीची होती. घर बदलताना गेली कुठेतरी.

---

निळी जर्सी | सकाळी ११:३२

मावशी!!! इतकी वर्षं तुम्ही इथे लोणच्याच्या धाग्यावर मोहरी किती कुटायची ते सांगत होतात!

---

मालतीमावशी | सकाळी ११:५०

अगं, मोहरी कशी कुटायची ते लोक विचारतात. हे कुणी विचारलंच नाही.

---

कोपऱ्यावरचा | दुपारी १२:४०

गाभारा जबरदस्त. =))

निळी जर्सी यांच्या गोठ्याच्या प्रश्नाकडे येतो. नव्वदीच्या सुरुवातीला बायकांचं फुटबॉल पुरुषांच्या फेडरेशनमध्ये आलं. वाटलं असेल की आता पैसे येतील. आले नाहीत. किंवा आले ते दुसरीकडे वळले. संघ असा होता की स्पर्धा आली की शिबिर, स्पर्धा संपली की घर. मधल्या काळात मॅचच नाहीत. १९९८ च्या बँकॉक एशियाडला चीनने आपल्याला १६-० हरवलं. त्या मुली वाईट खेळत होत्या असं मी म्हणणार नाही. समोर रोज फुटबॉल खेळणाऱ्या मुली होत्या आणि आपल्या मुली वर्षातून एकदा भेटणाऱ्या होत्या, इतकंच.

कळस झाला २००९ ला. फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नाव उडालं. त्यांचा नियम साधा होता, अठरा महिने एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही तर यादीतून बाहेर. म्हणजे हरून नव्हे, न खेळून बाहेर.

म्हणून मी शंकेखोर यांच्याशी निम्मा सहमत. १९८३ ला आपण फार थोर नव्हतो. पण मग २००९ ला आपण वाईट होतो हेही सिद्ध करता येत नाही. परीक्षेलाच बसलो नव्हतो.

---

शंकेखोर | दुपारी १:१५

@कोपऱ्यावरचा, हे पटलं. (नोंद घ्यावी, मी सहसा असं लिहीत नाही.)

पण मग २०१० पासूनच्या सॅफ चॅम्पियनशिपचं (दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेचं) काय? कॉक्स बझार, कोलंबो, इस्लामाबाद, सिलिगुडी, विराटनगर, सलग पाच विजेतेपदं. त्यात भूतानला १८-० वगैरे. तिकडे आपण तेच करत होतो जे चीनने आपल्यासोबत केलं.

---

गोलपोस्ट काका | दुपारी १:५०

आता मात्र तुमची लंगडी गाय लागू पडते. पाच वेळा जिंकलो आणि गल्लीतल्या विजयावर खूश राहिलो. २०१४ चं इंचॉन बघा. मालदीवला १५-०, पुढे कोरियाकडून ०-१० आणि थायलंडकडून ०-१०. एकाच स्पर्धेत, एकच संघ. मधली पायरीच नव्हती.

तिकडे बांगलादेशने मुली लहानपणापासून एकत्र ठेवून घडवल्या. २०२२ ला काठमांडूत त्यांनी आपल्याला ३-० हरवलं, मग सेमीफायनलला नेपाळने बाहेर काढलं. २०२४ ला पुन्हा कप बांगलादेशला. तो मार बसला हे बरंच झालं असं माझं मत. नाहीतर कालची मॅच आपण कधीच जिंकलो नसतो.

---

इमा कैथल | दुपारी २:३०

मी मूळची इंफाळची, बावीस वर्षं पुण्यात विमाननगरला. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळ्यांनी मणिपूर न लिहिता भारताच्या महिला फुटबॉलचा इतिहास लिहिला, याचं मला कौतुक वाटलं. :) महिलांची राष्ट्रीय स्पर्धा मणिपूरने वीसहून जास्त वेळा जिंकली आहे. ओइनम बेमबेम देवी १९९५ ला भारताकडून खेळायला लागली आणि २०१६ ला शिलाँगच्या दक्षिण आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण घेऊन थांबली. एकवीस वर्षं! ज्या काळाला तुम्ही 'मॅचच नव्हत्या' म्हणता तो तिचा खेळायचा काळ. २०१७ ला अर्जुन, २०२० ला पद्मश्री. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून खेळली, युरोपात व्यावसायिक करार मिळालेली पहिली भारतीय बाई. आशालता, डांगमेइ ग्रेस, नावं संपणार नाहीत.

माझ्या गल्लीत मुली मुलांबरोबर खेळायच्या. भाताची कापणी झाली की शेतच मैदान. कुणी विचारायचं नाही की मुलगी का खेळते. विचारायचे की डावा पाय का चालत नाही.

---

निळी जर्सी | दुपारी २:४१

इमा, कान पकडले. आणि मराठी आमच्यापेक्षा नीट आहे तुमचं.

---

बाल्कनीवाला | दुपारी ४:०५

पुण्याच्या बालेवाडी स्टेडियमचा विषय कसा निघाला नाही अजून? २०२२ चा आशिया कप आपल्याकडे होता, राव! आधी भुवनेश्वर आणि अहमदाबाद ठरलं होतं, पण कोविडमुळे संघांना लांबचा प्रवास नको म्हणून मुंबई, नवी मुंबई आणि पुणे झालं. प्रेक्षकांना प्रवेश नाही.

मी स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर राहतो. जानेवारीतल्या थंडीत रात्री दिवे लागायचे आणि आमच्या बाल्कनीतून नुसता उजेड दिसायचा. एरवी मॅच म्हणजे गोंगाट. इथे उजेड आहे आणि आवाज नाही, असा विचित्र प्रकार. त्या उजेडात ऑस्ट्रेलियाची स्टार सॅम कर खेळून गेली! ३० जानेवारीला ऑस्ट्रेलिया कोरियाकडून १-० हरली, शेवटच्या काही मिनिटांत जी सो-युनने गोल मारला. त्याच दिवशी इथेच फिलिपिन्सने पेनल्टीवर तैपेईला हरवून पहिल्यांदा वर्ल्ड कप गाठला. ३ फेब्रुवारीला चीन-जपान सेमीफायनल, चीनने ११९व्या मिनिटाला २-२ केलं आणि पेनल्टीवर जिंकले. हे सगळं बाणेर-बालेवाडीत झालं आणि लोक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकून होते. मीही टीव्हीवरच बघितलं. बाल्कनीचं दार उघडं ठेवून.

---

भातुकली | दुपारी ४:२०

आणि भारत? मला अंधुक आठवतंय की काहीतरी वाईट झालं होतं.

---

बाल्कनीवाला | दुपारी ४:३८

आपल्या मॅच मुंबईकडे होत्या. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-०. चिक्कार संधी घालवल्या. २३ ला तैपेईशी मॅच, आणि त्याआधी संघात डझनभर मुली पॉझिटिव्ह. नियमाप्रमाणे १३ खेळाडू लागतात, तेवढ्याही उभ्या राहीनात. मॅच रद्द, भारत स्पर्धेतून बाहेर, इराणची मॅचही हिशेबातून वजा. यजमान देश, आणि गुणतक्त्यात असा की जणू आलाच नव्हता.

त्याआधी दोनच महिने याच मुली ब्राझीलला मानाउसमध्ये ब्राझीलशी खेळून आल्या होत्या. ६-१ हरलो, पण तो एक गोल मनीषा कल्याणचा. ब्राझीलला गोल! त्या तयारीचं सगळं पाणी झालं.

---

कोपऱ्यावरचा | संध्याकाळी ५:१०

पुण्याचंच अजून एक. २०१६-१७ ला महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षी एफसी पुणे सिटीचा महिला संघ त्यात होता. पुढे २०१९ ला क्लबच गुंडाळला. पुरुषांचा संघ गेला म्हणून लोक हळहळले. महिला संघही गेला हे किती जणांना ठाऊक आहे?

---

चिंगीचा बाबा | संध्याकाळी ६:०५

माझी मुलगी अकरा वर्षांची, तिच्या शाळेत (नाव लिहीत नाही, अजून पाच वर्षं काढायचीत) फुटबॉलला नाव घातलं. उत्तर आलं की मुलींसाठी झुंबा आहे. मी म्हटलं, फुटबॉल हवंय. तर म्हणाले, मुली पुरेशा नाहीत. म्हटलं, नोटीस लावलीत का? म्हणाले, मुली पुरेशा झाल्या की लावू.

शेवटी मुलांच्या बॅचला टाकलं. पहिल्या दिवशी तिला गोलकीपर केलं, कारण 'तिला धावायला नको'. तिने तीन गोल अडवले आणि चौथा खाल्ला तर एक पोरगं म्हणालं, 'बघ, सांगितलं होतं.' घरी येऊन ती बूट न काढता सोफ्यावर बसली. बायको काही बोलली नाही, हे आमच्या घरात ऐतिहासिक आहे.

---

मालतीमावशी | संध्याकाळी ६:२०

चिंगीला सांगा, गोलकीपरला सगळं मैदान दिसतं. आणि अदिती चौहानचं नाव सांगा. आपली गोलकीपर, इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमकडून खेळली.

आणि नोटीसचं काय ते हसण्यावारी नेऊ नका. तीन-चार पालकांनी मिळून लेखी द्या. तोंडी मागितलेलं शाळेला ऐकू येत नाही.

---

शंकेखोर | संध्याकाळी ७:००

एक प्रामाणिक प्रश्न. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात पुन्हा १०-० झालं तर? हाच धागा तेव्हा वर येईल का?

---

कोपऱ्यावरचा | संध्याकाळी ७:१२

तुम्ही आणाल की वर. भरवसा आहे.

---

इमा कैथल | संध्याकाळी ७:३०

दहा खाल्ले तरी मॅच तर झाली ना. २००९ ला तीही नव्हती.

---

निळी जर्सी | रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. दिवसभर प्रतिसाद लेकीला वाचून दाखवत होते. 'गाभारा' तिला फार आवडला. मालतीमावशी, तिला तुम्हाला भेटायचंय, व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय.

आणि एक कामाचं. पुढच्या रविवारी सकाळी सातला तिच्या क्लबची मॅच आहे, मैदानाचा नुसता चिखल झालाय आणि तिच्या डाव्या बुटाचे दोन स्टड निखळलेत. पाऊल एका वर्षात दोन नंबरने वाढलं. कुणाकडे ३७ किंवा ३८ नंबरचे स्टडचे बूट पडून असतील तर सांगा. मुलांचे चालतील. रंग कुठलाही.

---

चिंगीचा बाबा | रात्री ९:५२

पुतण्याचे ३८ आहेत, पिवळेजर्द. उद्या ऑफिसला जाताना कर्वे पुतळ्यापाशी देऊ का? लेस मात्र नवीन घ्यावी लागेल, एक कुत्र्याने खाल्ली आहे.